लाँचडी : मॅकमधील नियोजित कामांच्या व्यवस्थेचे परीक्षण

मॅक संगणक सुरू होताना कर्नलनंतर, म्हणजे यंत्रप्रणालीच्या गाभ्यानंतर, जी पहिली प्रक्रिया उभी राहते, जिचा क्रमांक नेहमी १ असतो आणि संगणक बंद होईपर्यंत जी चालू राहते, तिचे नाव लाँचडी. स्पॉटलाइटचा शोध, टाइम मशीनचा बॅकअप, छपाईची रांग, दूरस्थ लॉगिन अशी शेकडो कामे तिच्या देखरेखीखाली चालतात आणि सामान्य वापरकर्त्याला तिचे नावही कधी ऐकावे लागत नाही. हे परीक्षण मात्र तिच्याकडे स्वतःचे काम सोपवू पाहणाऱ्या वापरकर्त्यासाठी आहे : रोज रात्री एखाद्या फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर घ्यायची आहे, दर तासाला एखादी स्क्रिप्ट चालवायची आहे, किंवा एखादा छोटा सर्व्हर कायम जागता ठेवायचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. डेस्कटॉप संगणकासाठी, त्यातही दिवसातून अनेकदा झाकण मिटणाऱ्या लॅपटॉपसाठी, लाँचडीची रचना ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या जुन्या क्रॉनपेक्षा निःसंशय सरस आहे. पण आपले काही चुकले तर नेमके काय चुकले हे ती सांगत नाही, आणि वीस वर्षांनंतरही हा दोष तसाच राहावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

लाँचडी २९ एप्रिल २००५ रोजी मॅक ओएस टेन १०.४, म्हणजे टायगर, या आवृत्तीबरोबर आली. अ‍ॅपलमधील अभियंते डेव्ह झार्झिकी यांनी ती लिहिली. त्याआधी यंत्र सुरू करण्यासाठी इनिट, ठरलेल्या वेळी काम करण्यासाठी क्रॉन, नेटवर्कवरून मागणी आली की सेवा जागी करण्यासाठी आयनेटडी अशी वेगवेगळी साधने होती आणि प्रत्येकाची लिहिण्याची पद्धत निराळी होती. ही सगळी कामे एका छत्राखाली आणताना झार्झिकी यांनी एक मूलभूत बदल केला : काम कधी सुरू व्हावे याच्या अटी आधी नोंदवून ठेवायच्या आणि अट पुरी झाली की लाँचडीने काम सुरू करायचे. अट घड्याळाची असू शकते, एखाद्या फोल्डरात फाइल येण्याची असू शकते, डिस्क जोडली जाण्याची असू शकते, किंवा नेटवर्कवरून कोणी दार ठोठावण्याची असू शकते. दूरस्थ लॉगिनची सेवा मॅकवर अशीच चालते. तिचे सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरील दार, लाँचडी स्वतः धरून बसते आणि जोडणी आली तरच एसएसएचडी ही दूरस्थ लॉगिनची प्रक्रिया जागी होते. लिनक्सवर हेच काम करण्यासाठी २०१० साली आलेल्या सिस्टिमडीने या कल्पनेचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. लाँचडीचा मूळ कोड २००६ पासून अपाचे परवान्याखाली खुला होता. २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीत ती नव्याने लिहिली गेली आणि तेव्हापासून तो कोड बंदिस्त झाला. अंतर्गत कार्यपद्धती वाचून शंका फेडून घेण्याची सोय त्यामुळे गेली, आणि पुढे ज्या अडचणी सांगणार आहे त्या अधिक जाचक वाटतात त्याचे हेही एक कारण आहे.

नव्या माणसाने सर्वांत आधी एजंट आणि डीमन यांतला भेद समजून घ्यावा. एजंट वापरकर्त्याच्या वतीने, त्याने लॉगिन केल्यावर, त्याच्याच अधिकारांनी चालतो आणि पडद्यावर खिडकी किंवा सूचना दाखवू शकतो. डीमन यंत्र सुरू झाल्यापासून, कोणी लॉगिन केलेले असो वा नसो, सामान्यतः रूट, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकारांनी चालतो आणि पडद्याशी त्याचा संबंध नसतो. वैयक्तिक एजंटांच्या फाइली आपल्या होम फोल्डरमधील लायब्ररीत, लाँचएजंट्स नावाच्या फोल्डरात ठेवायच्या. सर्व वापरकर्त्यांसाठीचे एजंट आणि डीमन डिस्कच्या मुळाशी असलेल्या लायब्ररीत जातात. सिस्टिम फोल्डरातील लायब्ररी अ‍ॅपलची असते, तिला हात लावता येत नाही आणि लावूही नये. घरगुती वापरातील दहापैकी नऊ कामांना एजंट पुरतो. केवळ हौसेने रूट अधिकारांचा डीमन बनवणे धोक्याचे आहे, कारण मग स्क्रिप्टमधील एक चुकीची ओळ सगळ्या डिस्कवर अधिकार गाजवू शकते.

आता एक काम जवळून पाहू. रोज रात्री साडेनऊ वाजता लेखनाच्या फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर घ्यायची आहे. यासाठी प्लिस्ट प्रकारची एक मजकुरी फाइल लिहावी लागते. तिच्यात पहिली नोंद ‘लेबल’ची, म्हणजे कामाच्या नावाची, ते यंत्रावर एकमेव असावे लागते आणि रूढीप्रमाणे उलट क्रमातल्या संकेतस्थळाच्या पत्त्यासारखे लिहितात. दुसरी नोंद ‘प्रोग्रॅम आर्ग्युमेंट्स’ची : कोणता प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याला काय काय द्यायचे, याची एकेक शब्द सुटा लिहिलेली यादी. संपूर्ण आज्ञा एकाच ओळीत लिहिली तर लाँचडी त्या अख्ख्या ओळीलाच प्रोग्रॅमचे नाव समजते आणि अर्थातच तो तिला सापडत नाही. तिसरी नोंद ‘स्टार्ट कॅलेंडर इंटरव्हल’ची, तिच्यात तास २१ आणि मिनिट ३०. एवढ्या तीन नोंदींवर काम चालते. शिवाय आउटपुट आणि चुकांचे संदेश कोणत्या फाइलींत लिहायचे हे सांगणाऱ्या दोन नोंदी मी ऐच्छिक मानत नाही. त्या नसतील तर काही बिघडले तरी हाती पुरावा राहत नाही. त्या लॉग फाइली लाँचडी आपणहून छाटत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

याच कॅलेंडरच्या नोंदीत नवख्यांना चकवणारी एक जागा आहे. जो घटक लिहिला नाही तो ‘कोणताही चालेल’ असा धरला जातो. फक्त तास २१ लिहिला आणि मिनिट लिहायचे राहिले, तर काम नऊ वाजल्यापासून नऊ एकोणसाठपर्यंत दर मिनिटाला सुरू होते. रात्री एकदा व्हायचा बॅकअप साठ वेळा होतो आणि पंखा का घुमतो आहे हे कळत नाही. तारीख आणि वार दोन्ही दिले तर दोहोंपैकी एक जुळले तरी काम चालते, हाही नियम सहज लक्षात येणारा नाही. दर पाच मिनिटांनी यासाठी क्रॉनमध्ये असलेली आटोपशीर खूण इथे नाही. त्यासाठी ‘स्टार्ट इंटरव्हल’ ही सेकंदांत मोजणारी वेगळी नोंद आहे. आठवड्यातून सोमवार ते शुक्रवार असे हवे असेल तर पाच वेगळ्या नोंदींची यादी करावी लागते. क्रॉनच्या एका ओळीच्या तुलनेत हे पाल्हाळ आहे, हे मान्य करायलाच हवे.

मात्र लाँचडीचे खरे बळही याच नोंदीत आहे. संगणक निद्रेत असताना ठरलेली वेळ टळली, तर क्रॉन ती पाळी सोडून देतो. लाँचडी संगणक जागा होताच ते काम हाती घेते, आणि दरम्यान अनेक पाळ्या हुकल्या असतील तर त्या सगळ्यांचे मिळून एकदाच काम करते. सायंकाळी लॅपटॉपचे झाकण मिटून सकाळी उघडणाऱ्या माणसाला आणखी काय हवे? रात्रीचा बॅकअप सकाळी होतो, पण होतो. सेकंदांत मोजणाऱ्या ‘स्टार्ट इंटरव्हल’ला मात्र ही सवलत नाही, निद्रेत गेलेली पाळी तिथे हुकते, असे अ‍ॅपलच्या मॅन पानावरच, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचता येणाऱ्या माहितीपानावरच, लिहिले आहे. म्हणून लॅपटॉपवर महत्त्वाच्या कामासाठी कॅलेंडरचीच नोंद वापरावी असे मी सुचवीन.

निद्रा आणि बंद यंत्र यांत पुन्हा फरक आहे, आणि आपल्याकडे तो महत्त्वाचा ठरतो. संगणक पूर्ण बंद असताना वेळ टळली तर लाँचडी ती पाळी भरून काढत नाही; पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत थांबते. बॅटरी नसलेला मॅक मिनी किंवा आयमॅक असेल आणि रात्री वीज गेली, तर त्या रात्रीचे काम बुडाले. लिनक्सच्या सिस्टिमडीत टायमरला ‘पर्सिस्टंट’ ही एक ओळ जोडली की बुडालेली पाळी यंत्र सुरू झाल्यावर भरून निघते; विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही त्यासाठी एक चौकट खूण करून ठेवता येते. ज्या लाँचडीने निद्रेचा प्रश्न इतका चांगला सोडवला तिच्यात एवढी साधी सोय नसावी, ही मोठी उणीव आहे. उपाय आहे, पण तो आपल्यालाच करावा लागतो : ‘रन अ‍ॅट लोड’ ही नोंद चालू ठेवायची, म्हणजे लॉगिन होताच काम एकदा सुरू होते, आणि शेवटचे यशस्वी काम कधी झाले याची तारीख स्क्रिप्टनेच एका फाइलीत लिहून ठेवून, ते आज झाले असेल तर मुकाट बाहेर पडायचे. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी सेटिंग डेस्कटॉप मॅकवर आहे; पण फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्क कूटबद्ध करण्याची सोय, चालू असेल तर पासवर्ड देईपर्यंत डिस्क सामान्यतः कुलूपबंदच राहते, म्हणून नुसत्या त्या सेटिंगवर विसंबू नये.

टर्मिनलमध्ये सुरळीत चालणारी स्क्रिप्ट लाँचडीकडे दिल्यावर का मोडते, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट ज्या परिसरात चालते त्यात, म्हणजे तिला मिळणाऱ्या सेटिंगांत, असते. टर्मिनल उघडले की आपल्या शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइली वाचल्या जातात, मार्ग ठरतात, भाषा ठरते. लाँचडी यांतले काहीही वाचत नाही. प्रोग्रॅम शोधण्यासाठी ती यंत्राच्या मूळच्या चार फोल्डरांपलीकडे पाहत नाही. अ‍ॅपल सिलिकॉनवरील होमब्रू, म्हणजे टर्मिनलचे प्रोग्रॅम बसवणारे साधन, आपले प्रोग्रॅम ‘ऑप्ट’ फोल्डरात ठेवते आणि ते त्या चारांत नाही. घराच्या फोल्डरासाठी वापरली जाणारी लाटेसारखी (~) खूणही प्लिस्ट फाइलीत उलगडली जात नाही. म्हणून प्रत्येक मार्ग मुळापासून पूर्ण लिहावा. भाषेचा मुद्दा मराठीत काम करणाऱ्यांना विशेष भोवतो. टर्मिनल सामान्यतः यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्या सामावणारी अक्षरपद्धती, ठरवून देते. लाँचडीखाली ती सांगणारे ‘लँग’ हे चल (व्हेरिएबल) रिकामे असते. अशा वेळी रुबीत लिहिलेली स्क्रिप्ट देवनागरी मजकुराची फाइल वाचताना ती साध्या आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीत, आहे असे गृहीत धरते आणि शोध-बदल करण्याच्या ओळीवर अवैध बाइट सापडल्याची तक्रार करून थांबते. प्लिस्ट फाइलीत ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ ही नोंद करून तिच्यात ‘लँग’ला यूटीएफ-८ चे मूल्य आणि ‘पाथ’ला आपले फोल्डर दिले, की दोन्ही प्रश्न मिटतात. देवनागरी नावांच्या किंवा मजकुराच्या फाइलींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद पहिल्याच दिवशी करून टाकावी.

याच्या पुढची अडचण परवानग्यांची आहे. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर आणि बाह्य डिस्क यांच्याभोवती गोपनीयतेचे कुंपण आहे. आपण टर्मिनलला दिलेली परवानगी लाँचडीने चालवलेल्या स्क्रिप्टला लागू होत नाही. लॉगमध्ये ‘या क्रियेस अनुमती नाही’ अशा अर्थाची एक ओळ दिसते आणि फाइलीचे अधिकार कितीही तपासले तरी त्यांत खोट सापडत नाही, कारण अडवणूक दुसऱ्याच ठिकाणी होत असते. अनेक जण यावर झेडशेल किंवा बॅश या शेललाच संपूर्ण डिस्कची परवानगी देऊन टाकतात. हा उपाय मला मान्य नाही, कारण त्या शेलमार्फत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कोणत्याही स्क्रिप्टला मग तीच मोकळीक मिळते. शक्य तिथे कामाचे फोल्डर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स यांच्याबाहेर, होम फोल्डरात स्वतंत्र ठेवावे. कुंपण योग्य आहे. त्याच्यावर आदळल्याचे लाँचडीने स्पष्ट सांगायला हवे होते.

हीच तक्रार लाँचडीला सूचना देणाऱ्या लाँचसीटीएल या आज्ञेबद्दल अधिक जोराने करावी लागते. प्लिस्ट फाइल नोंदवण्यासाठी ‘बूटस्ट्रॅप’, काढण्यासाठी ‘बूटआउट’, लगेच चालवून पाहण्यासाठी ‘किकस्टार्ट’ अशा उपआज्ञा योसेमिटीपासून आहेत. जुन्या ‘लोड’ आणि ‘अनलोड’ अजून चालतात, पण त्यांना वारसा म्हणून बाजूला ठेवले आहे. नव्या पद्धतीत क्षेत्रही सांगावे लागते. डीमनसाठी ‘सिस्टिम’, आणि एजंटसाठी ‘जीयूआय’ व त्यापुढे वापरकर्त्याचा क्रमांक, जो मॅकवरील पहिल्या वापरकर्त्याचा ५०१ असतो. एवढे शिकायला हरकत नाही. पण नोंदणी फसली की पडद्यावर बहुधा एकच वाक्य येते : बूटस्ट्रॅप अयशस्वी, ५, इनपुट-आउटपुट त्रुटी. काम आधीच नोंदवलेले असले तरी ५, ते अक्षम करून ठेवलेले असले तरी ५, डीमनच्या फाइलीची मालकी रूटकडे नसली तरी ५. त्याखाली सल्ला असतो की अधिक माहितीसाठी हीच आज्ञा रूट म्हणून पुन्हा चालवा. आणि एजंटसाठी तसे केले तर पुष्कळदा तेच वाक्य परत येते. चुकीचे निदान करण्यात माणसाची अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, आणि लाँचडीला कारण माहीत असतानाही ती ते सांगत नाही म्हणून ती जाते.

नोंदीचे नाव चुकीचे लिहिले तर परिस्थिती आणखी बिकट होते. ‘प्लुटिल’ या साधनाने फाइल तपासता येते, पण ते फक्त कंस आणि खुणा जुळतात का एवढेच पाहते. ‘स्टार्ट कॅलेंडर इंटरव्हल’मध्ये एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर फाइल निर्दोष ठरते, नोंदणी यशस्वी होते आणि काम कधीच सुरू होत नाही. अनोळखी नोंद दिसताच एक ओळीचा इशारा द्यायला काय अडचण असावी? ‘लिस्ट’ उपआज्ञेने मिळणाऱ्या तक्त्यात प्रक्रियेचा क्रमांक, शेवटचा निकाल आणि नाव असे तीन रकाने असतात. निकालात १२७ दिसले तर प्रोग्रॅम सापडला नाही, ७८ दिसले तर मांडणीत खोट आहे, उणे आकडा दिसला तर सिग्नलने प्रक्रिया संपली, एवढे पाठ करून ठेवावे. ‘प्रिंट’ अधिक तपशील देते, पण तिच्या मॅन पानावर अ‍ॅपलनेच बजावले आहे की या आउटपुटवर कोणत्याही कारणासाठी विसंबू नका. पुढची पाळी कधी आहे हे सांगणारी सरळ यादी, जी सिस्टिमडीत एका आज्ञेवर मिळते, ती इथे नाही.

कायम चालू राहायच्या सेवांबाबत मात्र लाँचडी मला अतिशय भरवशाची वाटते. ‘कीप अलाइव्ह’ ही नोंद केली की प्रक्रिया पडली तरी ती पुन्हा उभी केली जाते, आणि दोन सुरुवातींमध्ये मुळात किमान १० सेकंदांचे अंतर राखले जाते. म्हणून सतत कोसळणारा प्रोग्रॅम सगळे यंत्र वेठीला धरू शकत नाही. फक्त अपयशी ठरला तरच पुन्हा सुरू कर, अशी अटही घालता येते. एक पथ्य सांभाळावे लागते : प्रोग्रॅमने स्वतःची प्रत काढून पार्श्वभूमीत निसटण्याची जुनी युनिक्स रीत इथे वापरायची नाही, कारण मूळ प्रक्रिया संपली की लाँचडी ती मेली असे समजते. बहुतेक सर्व्हरांना समोरच्या बाजूस चालण्याचा पर्याय असतो, तोच द्यावा. ‘प्रोसेस टाइप’मध्ये ‘बॅकग्राउंड’ लिहिले तर कामाच्या प्रोसेसर आणि डिस्कच्या वापरावर मर्यादा येते. मोठ्या बॅकअपच्या वेळी समोरचे काम अडखळत नाही, हा फरक हाताला जाणवतो. फोल्डरावर नजर ठेवणारी ‘वॉच पाथ्स’ आकर्षक दिसते, पण बदल निसटू शकतो आणि फाइल अर्धवट लिहिलेली असतानाच काम सुरू होऊ शकते, असे सांगून मॅन पानच तिच्यापासून परावृत्त करते. हा सल्ला मानावा.

२०२२ च्या व्हेंच्युरा आवृत्तीने या व्यवस्थेला प्रथमच सामान्य माणसासमोर आणले. नवा एजंट किंवा डीमन बसवला गेला की सूचना झळकते, आणि सिस्टिम सेटिंग्जमधील लॉगिन आयटम्सच्या पानावर तो बंद करता येतो. मॅकवरील घातक प्रोग्रॅम ठाण मांडून बसण्यासाठी लाँचएजंट्स फोल्डरच वापरतात, त्यामुळे हा बदल फार आधी व्हायला हवा होता. पण यादीत प्रोग्रॅमऐवजी कधी सही करणाऱ्या विकसकाचे नाव दिसते, तर आपल्या स्वतःच्या स्क्रिप्टच्या जागी नुसते ‘बॅश’ किंवा ‘एसएच’ आणि सोबत अनोळखी विकसकाचा इशारा. घरातील दुसऱ्या कोणी ते पाहून शंकेने बंद केले तर बॅकअप गुपचूप थांबतो. स्क्रिप्टला ओळखू येणारे फाइलनाव देऊन, पहिल्या ओळीत शेलचा मार्ग लिहून आणि तिला चालण्याचा अधिकार देऊन थेट तीच प्रोग्रॅम म्हणून नेमली, तर यादीत निदान तिचे नाव येते.

अ‍ॅपलची विकसकांसाठीची जुनी मार्गदर्शिका आता संग्रहात गेली आहे आणि ती अद्ययावत होत नाही. मॅन पाने अचूक असली तरी ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच ती पटकन समजतात. ही पोकळी बाहेरच्या दोन प्रोग्रॅमांनी भरून काढली आहे. पीटर बोर्ग यांचे लिंगन सोपे आहे; वेळ निवडा, स्क्रिप्ट निवडा, जतन करा, एवढ्यात साधा एजंट तयार होतो, आणि ज्याला एकच बॅकअप लावायचा आहे त्याने तेच घ्यावे. सोमा-झोनचे लाँचकंट्रोल अधिक खोलात जाते. चुकलेली नोंद, हरवलेला मार्ग, अपुरे अधिकार हे सगळे ते फाइल उघडताच खुणा करून दाखवते आणि प्रत्येक नोंदीचा अर्थ शेजारीच सांगते. परवानग्यांच्या कुंपणासाठी एक छोटे सहायक साधनही त्याच्याबरोबर येते, ज्यामुळे शेलला सरसकट मोकळीक द्यावी लागत नाही. दोन्ही सशुल्क आहेत. तीन-चारपेक्षा जास्त कामे सांभाळणाऱ्याने, किंवा कार्यालयातल्या अनेक मॅकांवर डीमन बसवणाऱ्याने, लाँचकंट्रोलसाठी पैसे मोजावेत असे मी निःशंकपणे सांगेन. ज्याला पैसे खर्च करायचे नाहीत त्याने प्रत्येक प्लिस्ट फाइल आधी प्लुटिलने तपासावी, नोंदींची नावे मॅन पानावरूनच उचलावीत, फाइल बदलल्यावर काम आठवणीने बूटआउट करून पुन्हा बूटस्ट्रॅप करावे, आणि रात्रीची वाट न पाहता किकस्टार्टने तिथल्या तिथे चालवून लॉग वाचावा.